तुम्ही न वाचलेला सीन

दादा, इतवारीच्या जिन्यापाशी फळ्यावर तुमच्या अक्षरातला कागद अजून तसाच लागलेला आहे. वर ‘आनेवाले इतवार’, खाली चार सिनेमांची नावं, आणि प्रत्येक नावापुढं, सिनेमा संपल्यावर गप्पांना कोण येणार ते. पहिले दोन इतवार तुम्ही स्वतः पार पाडलेत. तिसऱ्याला रिझवी साहेबांनी हॉल बंद ठेवला, कारण चारच दिवसांपूर्वी पवनीहून तुमच्या जाण्याचा फोन आला होता. चौथा इतवार परवा झाला. त्याच्याबद्दलच बोलायचंय. नेहमीसारखं मध्ये तोंड घालू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या.

पुतण्याच्या लग्नाला म्हणून गेलात. पंगतीत जेवता जेवता छातीत कळ आली म्हणे, आणि दवाखान्याच्या दारातच सगळं आटोपलं. तुमची राख तिकडं वैनगंगेत गेली. आम्ही इकडं लखनौत. कोणाच्या गळ्यात पडून रडावं तेही कळेना. हे बिचारे दोन दिवस माझ्यासमोर चहाचे कप आणून ठेवत होते. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

मला लखनौत पहिल्यांदा मराठी ऐकू आलं ते तुमच्या तोंडून. ह्यांची टेलिफोन खात्यात बदली झालेली, विकास नगरचं सरकारी क्वार्टर, मी साकोलीहून नुकतीच आलेली. हिंदी यायची ती मोडकीतोडकी. सब्जीवाल्या भैयानं सडका टोमॅटो पिशवीत टाकला की माझं भांडण हिंदीत सुरू व्हायचं आणि दुसऱ्या वाक्याला मराठीत यायचं. तशीच एकदा कंबर कसून उभी होते, आणि मागून आवाज आला, ‘भंडाऱ्याकडची का जी तुम्ही?’ मी वळून पाहिलं. चष्मा, खांद्याला झोळी, हातात दुधीभोपळा. म्हणालात, ‘एवढं तोंड भंडाऱ्याकडंच चालते, म्हणून विचारलं.’ मी हसले आणि सडका टोमॅटो तसाच घरी घेऊन आले. त्या दिवसापासून तुम्ही दादा आणि तुमच्या घरच्या त्या वहिनी.

सिनेमाचं वेड तुमचं. ह्यांना अंधार झाला की झोप लागते, म्हणून रविवारी तुमच्या स्कूटरवर तुम्ही, वहिनी आणि मी, असे तिघं. विकास नगर ते चौक. पोलीस दिसला की वहिनी उतरून पुढं चालायच्या, आणि पुढच्या वळणावर पुन्हा बसायच्या. चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांची ती गल्ली, तिच्या टोकाला बंद पडलेला छापखाना, आणि छापखान्याच्या वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांचा तो हॉल. छापखाना रिझवी साहेबांच्या वडिलांचा. तो बंद पडल्यावर साहेबांनी वर पडदा लावला आणि मोठ्या थेटरात कधी येत नाहीत असले सिनेमे दर रविवारी चारला दाखवायला लागले. सिनेमा संपला की तो बनवणारा समोर खुर्चीवर बसणार, आणि लोक त्याला प्रश्न विचारून विचारून बेजार करणार. तेवढ्याशा हॉलला कोणी नाव दिलं नाही. लोक नुसतं ‘इतवारी’ म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, ‘दादा, ह्याच्यात तर काही होतच नाही.’ पडद्यावर एक म्हातारा वीस मिनिटं मासे पकडत होता, आणि मासा काही लागला नव्हता. तुम्ही म्हणालात, ‘होऊन राहिलं ना. तू घड्याळ पाहणं सोड.’ वहिनींनी अंधारातच मला चिवड्याचा डबा दिला. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला त्या म्हाताऱ्याची आठवण यायला लागली. मग मी इतवारीची झाले ती कायमची.

गप्पांमध्ये तुमचा एकच प्रश्न असायचा. आलेला पाहुणा कितीही मोठा असो, तुम्ही हात वर करायचात आणि अगदी नम्रपणे विचारायचात, ‘वो जो बाज़ार वाले सीन में पीछे एक आदमी बोरा उठाए खड़ा था, उसका आगे क्या हुआ?’ पाहुण्याला तो माणूस आठवायचासुद्धा नाही. बिचारा घाम पुसायचा. एकजण तर चिडून म्हणाला होता, ‘भाईसाहब, वो एक्स्ट्रा था.’ तुम्ही म्हणालात, ‘अच्छा, उसको बता दिया था क्या आपने?’ सगळा हॉल हसला. परतीच्या वाटेवर मी तुमची टर उडवली, आणि तुम्ही स्कूटर थांबवून मला आणि वहिनींना मलाईचं पान खायला घातलंत. किती रविवार असे गेले, यार. वहिनी गेल्या, तुमचे गुडघे गेले, स्कूटर विकली आणि आपण ई-रिक्शातून जायला लागलो, तरी रविवार चुकला नाही.

आता पंडितजींची गोष्ट. ती मी किती वेळा तुमच्याकडून ऐकली आणि किती वेळा हसले!

तुम्ही लॅबमध्ये नोकरीला लागून लखनौला आलात तेव्हा पहिली खोली ठरली होती. ट्रंक आत ठेवून झाली होती. मालकानं चहा देता देता विचारलं, मराठी लोकांत तुम्ही कोण, आणि तुम्ही सरळ सांगितलं. चहा अर्धाच राहिला. संध्याकाळी ट्रंक घेऊन तुम्ही पुन्हा रस्त्यावर. त्यानंतरच्याच आठवड्यात रिझवी साहेबांशी तुमची ओळख झाली, आणि साहेब प्रेमानं तुम्हाला कबाब खायला घेऊन गेले. तुम्हाला पित्ताचा त्रास. डॉक्टरनं मटण बंद केलेलं. तुम्ही हात जोडून ‘नहीं खाता’ म्हणालात. साहेब मोठ्यानं हसले, ‘अरे, ये तो पंडितजी निकले!’ तुम्ही काही बोलला नाहीत. ट्रंकेचं हँडल धरून हाताला आलेले फोड अजून बसले नव्हते, असं तुम्ही मला सांगितलंत. पुढच्या खोलीच्या मालकाला साहेबांनीच तुमची ओळख करून दिली. पंडितजी म्हणूनच.

असं हे नाव पित्तानं पडलं, बाप्पा! आणि पडलं ते पडलंच. आपली आडनावं इकडच्या लोकांना कळत नाहीत. रामटेके म्हटलं तरी त्यांना त्यातला फक्त राम ऐकू येतो. इतवारीत नवा पडदा लावायचा होता, तर सगळे तुमच्याकडे मुहूर्त काढायला आले. तुम्ही कॅलेंडरकडं पाहून, डोळे मिटून, गंभीर चेहऱ्यानं ‘बुधवार, दोपहर ढाई बजे’ सांगितलंत. बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय करून राहिले तुम्ही? म्हणालात, ‘बुधवारी अडीचला चौकात लाइट जात नाही. याच्याहून चांगला मुहूर्त कोणता?’ पडदा लागला, लाइट गेली नाही, आणि तुमच्या विद्येवर लोकांची श्रद्धा आणखीच बसली.

त्यातून तुम्ही बाँचायचात. इतवारीतला तो रिवाज बाहेरच्या कोणाला सांगून खरा वाटत नाही. दूरदूरच्या भाषांतले सिनेमे यायचे, खाली पट्टी इंग्रजीत. अर्ध्या लोकांना ती पट्टी झरझर वाचता यायची नाही. म्हणून पडद्याच्या बाजूला छोटं टेबल, त्यावर दिवा, माइक, आणि तुम्ही. आधी चार-चार वेळा सिनेमा पाहून सगळा हिंदीत लिहून काढायचा, आणि मग हलक्या आवाजात, बोलणाऱ्याच्या मागोमाग वाचायचा. पोथी वाचावी तसं, म्हणून तिथं त्याला बाँचना म्हणतात. बाई बोलली तरी तुमचाच आवाज, पोरगं बोललं तरी तुमचाच. पाच मिनिटांनी तुमचा आवाज ऐकू येईनासा व्हायचा आणि ती माणसंच हिंदीत बोलायला लागायची. इतकं तुम्ही कमावलं होतं.

आणि छोटेलाल. पाठीमागच्या खोलीत मशीनवर बसणारा छोटेलाल. रिळं होती तेव्हापासून लॅपटॉप आला तोपर्यंत तोच. प्रत्येक खेळाच्या आधी तो खोलीतून बाहेर यायचा, तुमच्या पाया पडायचा, आणि मगच मशीन चालू करायचा. तुमच्याहून फार तर सातआठ वर्षांनी लहान माणूस. तुम्ही दर वेळी दचकून पाय मागं घ्यायचात, आणि दर वेळी त्याचा हात तुमच्या बुटाला लागलेला असायचा.

मागच्या हिवाळ्यात ती आईची फिल्म आली. आपल्याच भाषेतली! इतवारीत इतक्या वर्षांत पहिली मराठी. तुम्ही पंधरा दिवस नुसते हवेत होता. नागपूरकडच्या स्वाती नावाच्या मुलीनं बनवलेली. एक आई मुलाला शिकायला शहरात घेऊन येते आणि दोघं दिवसभर खोली शोधतात, एवढीच गोष्ट. मध्यावर तो सीन आहे. आई बस स्टँडवर ट्रंकेवर बसते आणि मुलाला सांगते, कोणी विचारलं तर नुसतं नाव सांगायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर बापाचं नाव सांगायचं. त्याच्यापुढं जायचं नाही. कोणाच्या माठाला आपणहून हात लावायचा नाही. आणि का, ते ती सांगते. तिला खोलीवरून उठवलं होतं तेव्हाचं सगळं सांगते. तीन मिनिटं ती एकटी बोलते.

तुम्ही माइकवर म्हणालात, ‘माँ बेटे को समझा रही है कि शहर में सँभलकर रहे.’ आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन मिनिटं ती बाई पडद्यावर बोलत होती आणि तुमचा माइक मुका. ह्या फिल्मला खाली इंग्रजी पट्टीही नव्हती, हॉलमध्ये तिचं बोलणं कळत होतं ते फक्त आपल्या दोघांना. स्वाती त्या वेळी आलेली नव्हती. नंतर लोक म्हणाले, वाह, माँ की ममता पर क्या फ़िल्म है. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

रिक्शात बसल्या बसल्या मी विचारलं, ‘काऊन गिळला तो सीन?’

‘माइक खरखर करून राहिला होता.’

‘माइकला दोष देऊ नका, दादा. मी काही उत्तर प्रदेशची नाही.’

तुम्ही तोंड बाहेर वळवलंत. मग म्हणालात, ‘तुले बोलाले काय जाते, रंजना? तू नवऱ्याच्या क्वार्टरात उतरली. तुले खोली शोधा लागली नाही.’

खरं होतं ते. आणि खरं बोलणं लागलं की मी काय करते ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, ‘वीस वर्षं त्या छोटेलालकडून पाया पडून घेता. लाज नाही वाटत?’

दादा, रिक्शावाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं मागं वळून पाहिलं. त्यानंतरही आपण रविवारी जातच राहिलो, चिवडा वाटून खाल्ला, हसलोसुद्धा. पण त्या वाक्यावरून तुम्ही कधी माझ्याशी भांडला नाहीत, आणि मीही ते कधी परत घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. तोंडाशी यायचं, आणि मग मी म्हणायची, जाऊ दे, पुढच्या रविवारी.

मग गेल्या महिन्यात तुम्ही फळ्यावर तो कागद लावलात. चौथ्या इतवाराला पुन्हा तीच आईची फिल्म, आणि पुढं लिहिलेलं, ‘निर्देशिका से बातचीत’. मला वाटलं, पहा, म्हाताऱ्याचा हट्ट! पुन्हा बाँचणार आणि पुन्हा गिळणार, तेही ती मुलगी समोर बसलेली असताना. तुम्ही पवनीला निघालात त्या सकाळी फोन केलात, ‘चौथ्या इतवाराले येशील ना?’ मी म्हटलं, ‘नाही येणार. मी एकदा पाहिली ती, आणि तुमच्यापेक्षा जास्त ऐकली.’ तुम्ही म्हणालात, ‘ये तर खरं.’ मी म्हटलं, ‘गाडी चुकेल तुमची, ठेवा.’ बस. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. किती वेळा ते मनात फिरवून पाहिलं, पण ते काही बदलत नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा रिझवी साहेबांचा फोन आला. रडत होते. म्हणाले, ‘बहन, पंडितजी की तेरहवीं कब है? हम सब आएँगे.’ आणि दादा, मी, इतक्या मोठ्या तोंडाची मी, काय म्हणाले असेन? म्हटलं, ‘वो सब गाँव में ही हो रहा है, साहब.’ एवढं बोलून फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. तिकडं पवनीला पांढऱ्या कपड्यात तुमची माणसं भन्तेजींसमोर बसून वंदना म्हणत होती, आणि इकडं मी तुमची तेरहवीं गावाला पाठवून दिली. अर्ध्या मिनिटात! मला कोणी खोलीवरून काढणारही नव्हतं. त्या क्षणी मला तुमचं कळलं, दादा. फार उशिरा कळलं.

पुण्यानुमोदन आटोपून प्रज्ञा शुक्रवारी परतली. सरोजिनी नगरला तिच्या घरी न जाता आधी तुमच्या घरी आली आणि मला बोलावून घेतलं. तुमची लेक, सगळं मराठी कळतं आणि उत्तर हिंदीत देते, त्यावरून तुम्ही किती चिडायचात. माझ्या हातात फाइल ठेवून म्हणाली, ‘आत्या, पापा कह के गए थे, इतवार को अगर मेरा गला न चले तो ये रंजना को देना. मुझे लगा खाँसी की बात कर रहे हैं.’

तुम्ही केलेलं त्या फिल्मचं हिंदी. नव्यानं लिहिलेलं. मी उभ्या उभ्या पानं उलटली, आणि तो सीन आला. अख्खा. आईचं एकेक वाक्य. एका ठिकाणी चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलेलं. समासात तुमच्या बारीक अक्षरात मराठीत सूचना, स्वतःलाच: ‘इथे थांब. श्वास घे. घाई नको.’ आणि सीनच्या शेवटी, ‘गप्पांच्या वेळी आपलं सांगायचं.’

म्हणजे तुम्ही सांगणार होता. ‘ये तर खरं’ म्हणजे ते होतं. आणि मी तुम्हाला गाडीची घाई लावत होते. मी प्रज्ञाला धरून इतकी रडले की ती घाबरली. पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, ‘आत्या, पाणी आणू?’

शुक्रवार आणि शनिवार मी झोपले नाही. सीन वाचायचा, ते ठरलंच होतं. पण पुढचं? ते तुमचं होतं. तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं ठरवलं होतं, आणि तुम्ही आता नव्हता. मी सांगितलं तर तुमच्या माघारी तुमचं गुपित फोडल्यासारखं. नाही सांगितलं तर तुम्ही जन्मभर पंडितजी, मेल्यावरही पंडितजी. हे मला म्हणाले, ‘त्यांनी कागदावर लिहिलंय ना? मग तू फक्त वाचणारी.’ इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं पहिल्यांदा मला वादात हरवलं.

परवा हॉल भरला होता. खुर्च्या कमी पडल्या. पडद्याच्या वरच्या भिंतीवर साहेबांनी ‘पंडितजी की याद में’ असं कापड लावलेलं. तुमच्या टेबलाशी मी बसले. माझा आवाज हा असा फाटका, त्यात हिंदी अजूनही साकोलीची. सुरुवातीला लोक चुळबुळत होते, मला कळत होतं. मग ती आई ट्रंकेवर बसली. मी थांबले. श्वास घेतला. घाई केली नाही. कोणी खोकललंसुद्धा नाही. तीन मिनिटं तुमची वाक्यं माझ्या तोंडून जात होती, आणि अर्ध्यात मला समजलं की ती नुसती त्या आईची नाहीत. माठाची गोष्ट फिल्ममध्ये आहे. अर्धा राहिलेला चहा फिल्ममध्ये नाही. तो तुम्ही त्यात घातलात.

स्वातीच्याही ते लक्षात आलं. समोर खुर्चीवर बसल्यावर तिनंच विचारलं, ‘यह चाय वाली लाइन मेरी नहीं है. किसने लिखी?’

मी उभी राहिले. मी म्हटलं, ‘सुखदेव रामटेके ने. जिनको आप सब पंडितजी कहते थे. वो पंडित नहीं थे. हम लोग बौद्ध हैं. जिन लोगों की यह फ़िल्म है, हम वही लोग हैं. वो चाय उनकी अपनी है. आज वो यहाँ ख़ुद बताने वाले थे.’ आणि समासातलं ते शेवटचं वाक्य हिंदीत करून वाचून दाखवलं.

रिझवी साहेब उठले. म्हणाले, ‘तीस बरस हमने एक आदमी को ग़लत नाम से पुकारा, और वो इतने तमीज़दार थे कि टोका नहीं.’

मी म्हटलं, ‘तमीज़ नहीं थी साहब, डर था.’

साहेब खाली बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग स्वाती बोलली, खूप चांगलं बोलली. लोकांनी प्रश्न विचारले. पुढच्या रांगेतल्या दोघीजणी चहाला थांबल्या नाहीत. घाई असेल त्यांना, मला माहीत नाही. बाकी सगळे थांबले. एका मुलानं ते कापड उतरवलं आणि मला तुमच्या नावाची स्पेलिंग विचारली. मी हिंदीत लिहून दिलं. मला वाटलं, झालं दादा, पार पडलं. तुमचं काम मी केलं. खरं सांगते, मनातून थोडी फुशारलेही होते.

मग मी माइक परत ठेवायला मागं गेले. मशीनच्या खोलीत छोटेलाल स्टुलावर बसला होता. लॅपटॉप बंद न करता, तसाच. मला पाहून उठला नाही. म्हणाला, ‘दीदी, आपको मालूम था?’

‘हाँ.’

‘शुरू से?’

‘हाँ, भैया.’

‘और हम बीस साल पैर छूते रहे.’ रागावलेला होता. डोळे लाल. ‘उन सब को न बताते, ठीक है. हमको तो बता देते. हम पासी हैं, दीदी. ऊपर हॉल में हमारे हाथ का पानी कौन पीता था, कौन नहीं, आपने कभी देखा? पंडितजी पीते थे. हम घर जाके बोलते थे, एक पंडित है जो हमारे लोटे से पानी पीता है. इसीलिए पैर छूते थे.’

पासी, म्हणजे इकडची आपल्यासारखीच दलित माणसं. वीस वर्षं त्याच हॉलमध्ये, त्याच चिवड्याच्या डब्याशी बसून मी हे पाहिलं नव्हतं. तुमच्यावर मारायला मी ह्या माणसाचं नाव दगडासारखं उचललं होतं, आणि त्याच्याकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तुमच्या वतीनं मागावी की माझ्या, ते न कळून दोघांच्या वतीनं मागितली. म्हटलं, ‘छोटेलाल भैया, जय भीम.’

त्यानं लॅपटॉप बंद केला. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले.

‘जय भीम, दीदी,’ तो म्हणाला. ‘रोज़ बोलते हैं, मोहल्ले में. यहाँ किससे बोलते?’